दोन सेन्सर आणि खिडकीजवळची खुर्ची

या ग्रुपवर मी आजवर एकही पोस्ट टाकलेली नाही. कमेंटी मात्र भरपूर केल्यात, आणि जुन्या मेंबरांना त्या आठवत असतील. कुणी फोटोतल्या पांढऱ्या गोळ्याला आत्मा म्हटलं, की खाली येऊन "हा फ्लॅशसमोर आलेला धुळीचा कण आहे" असं लिहिणारा आगाऊ माणूस म्हणजे मीच. एका ताईंनी नवऱ्यामागे दुसरी आकृती दिसते म्हणून फोटो टाकला होता. मी लिहिलं होतं – शटर स्पीड कमी होता, तुमचे मिस्टर हलले. त्यावर दीडशे हसणारे चेहरे आले होते आणि ताईंनी पोस्ट काढून टाकली होती. ताई, तुम्ही अजून इथे असाल तर माफ करा.

मी धंद्याने फोटोग्राफर. गेली सतरा-अठरा वर्षं लातुरात लग्नं काढतो. भूत, करणी, भास… असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कॅमेऱ्यासमोर जे असतं ते येतं, जे नसतं ते येत नाही, एवढ्या एका वाक्यावर माझं घर चालतं. त्यामुळे पुढचं सांगताना मला दोन गोष्टींची लाज वाटते. एक म्हणजे ज्यांना हसलो त्यांच्याच पंगतीत येऊन बसलो. दुसरी लाज मोठी आहे. ती ओघात येईल.

आमचं घर लातूरला औसा रोडच्या आतल्या गल्लीत. खाली स्टुडिओ, वर मी आणि बायको वैशाली. माझी थोरली बहीण – आम्ही तिला अक्का म्हणतो – नांदेडला असते. भावजी हार्ट अटॅकने गेले तेव्हा तिची मुलगी ऋतुजा सहा वर्षांची होती. सुरुवातीची चार वर्षं दोघी आमच्याकडेच होत्या. मग अक्का नांदेडला परत गेली, आणि ब्लाउज शिवून, साड्यांना फॉल-पिको करून तिने ऋतुजाला बी. फार्म. केलं. मागच्या वर्षी ऋतुजाचं लग्न ठरलं. मुलगा बिलोलीचा, मेडिकल दुकान चालवतो.

लग्न ठरल्यावर ऋतुजाचा मला फोन आला.

"मामा, फोटो तूच काढायचेस."

"मग काय दुसऱ्याला देणार होतीस?"

"ऐक की. मला ते ड्रोन-बिन, धूरबीर काही नको. मला आईचा फोटो पाहिजे. माझ्या बाजूला उभी असलेला, सगळ्यांसमोर, स्टेजवर. माझ्याकडं तिचा आधार कार्डावरचा सोडला तर एक फोटो न्हाई मामा. कुणी मोबाइल वर केला की ती सरकती. वाढदिवस असू दे, काही असू दे. तू तिचा भाऊ हायस. तुझं ऐकंल ती."

मी म्हणालो, "हात्तिच्या, एवढंच ना." ती खूश झाली. फोन ठेवल्यावर मात्र मला ते एवढंसं वाटलं नाही, पण का ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

आता कॅमेऱ्याचं सांगतो, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी थोडं सोसावं. डिजिटल कॅमेऱ्यात पूर्वीच्या फिल्मच्या जागी एक सेन्सर असतो. उजेड त्याच्यावर पडतो आणि फोटो तयार होतो. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, ज्याला आम्ही क्रॉप सेन्सर म्हणतो. मोठा असतो तो फुल फ्रेम. सेन्सर मोठा असला की कमी उजेडात फोटोला दाणे कमी येतात, सावलीतले रंग स्वच्छ राहतात. भाचीच्या लग्नासाठी फुल फ्रेम घ्यायचा असं माझ्या मनात आलं. पण नुसतं ऐकून मी कधी काही घेत नाही. स्वतः तपासणार, मगच.

नांदेडचा माझा मित्र रऊफ, तोही लग्नं काढतो, त्याच्याकडे फुल फ्रेम होता. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तो अल्बमच्या कामासाठी लातूरला येणार होता. मी म्हटलं, कॅमेरा घेऊन घरी ये, दोन्ही सेन्सर शेजारी शेजारी ठेवून बघू. तो आला, पण ट्रायपॉड उघडायच्या आधीच त्याने अट घातली.

"माझ्या कॅमेऱ्याला हात लावायचा न्हाई हां, सतीश. बटन मीच दाबणार. माझ्या बायकोला पण लावू देत न्हाई मी."

"दाब बाबा. तुझ्या कॅमेऱ्याला मी कशाला हात लावतो?"

जागा ठरवली ती वरच्या हॉलमधली पश्चिमेची खिडकी. दुपारचे चार वाजले होते. खिडकीजवळ लाकडी हातांची खुर्ची, मागच्या भिंतीवर स्विचबोर्ड आणि त्यात लावलेलं मच्छरचं मशीन, डाव्या बाजूला लोखंडी कपाट, आणि कपाट-भिंतीच्या अंधाऱ्या फटीत गोधड्यांचा ढीग. ती फट मला मुद्दाम हवी होती, कारण दाणे सावलीत दिसतात. त्वचेचा रंग कसा येतो हे बघायला खुर्चीत माणूस हवं होतं. अक्का भाऊबीजेला आलेली होतीच, आत ऋतुजाच्या ब्लाउजला हातशिलाई करत बसली होती. मी तिला हाक मारली.

"मी कशाला रे? वैशालीला बसव की. चांगली दिसंल."

"अगं अक्का, तुझा फोटो नाही काढायचा. सेन्सर बघायचाय. तू नुसती बस, तुझं काही काम नाही त्यात."

"असं म्हण की मग. बसते."

शिलाई हातात घेऊन ती खुर्चीत बसली. तुझा फोटो काढायचा नाही म्हटल्यावर ती निवांत झाली. हे वाक्य मी लिहिलंय आणि दोनदा वाचलंय.

दोन ट्रायपॉड खांद्याला खांदा लावून उभे केले. लेन्स अशा लावल्या की दोन्हीत फ्रेम तेवढीच यावी. उजेड तोच, अंतर तेच, आकडे तेच. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, शंभरापासून चढवत नेऊन पाच पायऱ्या, प्रत्येक पायरीला तीन फोटो. मी एक-दोन-तीन म्हणायचं आणि दोघांनी एकदम बटन दाबायचं. माझे पंधरा, त्याचे पंधरा. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून काढले. त्यात अक्का होती. फोकस मी स्वतः तिच्या डाव्या डोळ्यावर ठेवला होता. हे कुणीही कितीही वेळा विचारा, मी असंच सांगणार.

रऊफ त्याचे फोटो पेन ड्राइव्हवर देऊन गेला. अक्का संध्याकाळच्या बसने नांदेडला गेली. आणि मी तीन दिवस कॉम्प्युटरसमोर बसलो.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. कॅमेरे तपासताना आम्ही फोटो बघत नाही. फोटोचा नखाएवढा तुकडा दुप्पट-चौपट मोठा करून त्यातले दाणे बघतो. मी सरळ गोधड्यांच्या ढिगावर झूम केलं आणि तिथेच राहिलो. डावीकडे माझा तुकडा, उजवीकडे रऊफचा. लाल गोधडीचा काठ माझ्यात फिसकटतो, त्याच्यात टिकतो. तुकडे फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. लातूर, नांदेड, उदगीर, सगळीकडून उत्तरं आली. कुणी म्हणालं फरक नाही, कुणी म्हणालं जमीन-अस्मानाचा आहे, दोघं जण तर हमरीतुमरीवर आले. तीन दिवस आम्ही पन्नासेक शहाणी माणसं एका गोधडीवर भांडत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी वैशाली खाली आली. मी नेमका झूम बाहेर घेतला होता. ती माझ्या मागे उभी राहिली आणि म्हणाली,

"अहो, अक्का कुठं हायत यात?"

"कशात?"

"ह्या डाव्या फोटोत. खुर्ची रिकामी हाय की."

मी म्हटलं मध्ये उठून गेली असेल. पुढचा उघडला. रिकामी. त्याच्या पुढचा… रिकामी. पंधराच्या पंधरा. रऊफच्या पंधराही फोटोत अक्का होती. सुई-दोरा, चष्मा नाकावर घसरलेला, एकात तर ती सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून बसलीय. दोघांनी एकाच क्षणी बटन दाबलेलं. खिडकीतून येणाऱ्या उन्हाची तिरीप दोघांच्या फोटोत जमिनीवरच्या त्याच फरशीवर होती.

पहिला विचार अर्थातच फाइल बिघडल्याचा. पण बिघडलेली फाइल अशी नसते. रऊफच्या फोटोत अक्काच्या डोक्यामागे झाकला गेलेला स्विचबोर्ड माझ्या फोटोत पूर्ण दिसत होता. चारही बटणं, मच्छरच्या मशीनचा बारीक लाल दिवा. खुर्चीतली उशी मधोमध दबलेली होती. आणि जी गोष्ट मला खोडता येईना ती अशी – स्विचबोर्ड किंचित धूसर होता, खुर्चीचे लाकडी हात कडक शार्प. म्हणजे कॅमेऱ्याने फोकस भिंतीवर केलेला नव्हता, भिंतीच्या पुढे, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर केला होता. सॉफ्टवेअरमध्ये फोकसचा चौकोन दाखवता येतो. तो रिकाम्या हवेत होता, डाव्या डोळ्याच्या उंचीवर.

वैशाली म्हणाली, "सेन्सर खराब झाला असंल." तिला सेन्सर म्हणजे काय ते नीट माहीत नाही, मला समजवायला म्हणाली बिचारी. आणि मी, ज्याला माहीत आहे, तोही म्हणालो, "हो, तसंच असेल."

आता ती दुसरी लाज.

माझं लग्न झालं तेव्हा भावजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. लग्नात अक्का पुढे येतच नव्हती. मीच तिला हाताला धरून घरच्यांच्या फोटोत आणून आईशेजारी कडेला उभं केलं. अल्बमही मीच केला, स्वतःच्या लग्नाचा अल्बम दुसऱ्याला कोण करू देतो? पहिल्या पानासाठी तो फोटो निवडला, कारण चौदा माणसांत सगळ्यांचे डोळे उघडे असलेला तो एकच होता. एका चुलतीने तो स्क्रीनवर पाहिला आणि म्हणाली, "छान हाय, पण पहिल्याच पानावर ती कडंला… बरं दिसतंय का बाबा?" एवढंच. विधवा हा शब्द तिने उच्चारला नाही, काढ असंही म्हणाली नाही. मी दुसरा फोटो घेऊ शकत होतो. चुलतीला गप्प बस म्हणू शकत होतो. पण डोळे उघडे असलेला फोटो मला सोडवेना, म्हणून मी अक्काला पुसलं. तिच्या जागी मागचा पडदा भरला. आणि काम इतकं सफाईदार झालं की मला त्याचा अभिमान वाटला. दोन-तीन मित्रांना ते पान दाखवून मी विचारायचो, ओळखा बरं इथं कोण होतं. कुणालाच ओळखता आलं नाही. त्या मित्रांत रऊफ होता. मूळ फोटोवरच सेव्ह मारलं होतं, त्यामुळे तो आता कुठेच नाही.

अल्बम आला तेव्हा अक्काने तो मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. "छान आलेत फोटो," म्हणाली. मी म्हटलं, सुटलो. वैशालीला मी हे त्या दिवशी, रिकाम्या खुर्चीसमोर बसून, पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "मला इतके दिवस वाटायचं, त्या उभ्याच राहिल्या न्हाईत." आणि वर निघून गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

तरीही मी काय केलं असेल? मी नवा कॅमेरा मागवला. खरंच. त्याआधी एकदा नांदेडला जाऊन आलो, मंगल कार्यालय बघायचं निमित्त काढून. अक्का मशीनवर बसली होती तेव्हा तिला न सांगता जुन्या कॅमेऱ्याने दारातून चार फोटो काढले. चारही फोटोंत मशीन, पायाखालचं पायदान, सुईखाली अर्धा सरकलेला कपडा… आणि स्टूल. बसमध्ये मी ते परत परत बघत होतो आणि मनाशी घोकत होतो, सेन्सर खराब आहे, जुना झालाय, नवा आला की येईल. देवाला नवस बोलणाऱ्या माणसाला मी हसायचो. मी कुरिअरवाल्याची तशीच वाट पाहत होतो. नवा कॅमेरा आल्यावर मात्र तो अक्कावर तपासायची माझी हिंमत झाली नाही. गोधड्यांवर तपासला. दाणे फारच कमी होते.

लग्न नांदेडला, मालेगाव रोडवरच्या एका कार्यालयात. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. जोडीला रऊफला त्याचा कॅमेरा घेऊन बोलावलं होतं. सकाळी हळदीच्या वेळी अक्का मांडवात नव्हती, नेहमीसारखी लांब दाराला टेकून उभी राहून बघत होती. मी लांबची लेन्स लावली आणि तिच्या नकळत फोटो काढला. चेहरा इतका सुंदर दिसत होता… मुलीला हळद लागताना बघणाऱ्या आईचा. बटन दाबून स्क्रीन पाहिली. उघडं दार होतं, आणि दारामागे हात धुवायचं बेसिन.

ऋतुजा पाटावर बसून माझ्याकडे बघत होती. हसून तिने भुवया उडवल्या – काढलास का आईचा? मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तेवढं खोटं मी तिच्याशी बोललो.

मग रऊफला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. अक्का तेव्हा कोठीच्या खोलीत खुर्चीवर बसून आहेराच्या साड्या लावत होती, चांगला उजेड होता. रऊफने दारातून त्याच्या कॅमेऱ्याने फोटो काढला. अक्का आली. मी माझ्या नव्या कॅमेऱ्याने काढला. खुर्ची आणि साड्या. रऊफने माझ्या हातातून नवा कॅमेरा घेतला आणि बटन दाबलं.

अक्का आली. माझ्याच कॅमेऱ्यात, माझ्याच लेन्समधून, हातात मोरपंखी साडी धरलेली.

मग रऊफने त्याचा कॅमेरा गळ्यातून काढून माझ्यापुढे धरला. कुणाला हात न लावू देणारा माणूस. "घे. काढ," म्हणाला. मी काढला. दोघांनी मिळून स्क्रीन पाहिली. परत खुर्ची आणि साड्या.

"दोन्ही सेन्सर बरोबर हायत, सतीश," तो म्हणाला.

दोन गोष्टी तपासताना एक सोडून बाकी सगळं सारखं ठेवायचं, हा आमचा पहिला नियम. लातूरला आम्ही उजेड सारखा ठेवला, अंतर सारखं ठेवलं, आकडे सारखे ठेवले. बटणावर बोट कुणाचं होतं हे माझ्या डोक्यातही आलं नाही. एवढा मोठा तपासनीस मी.

रऊफला बाहेर थांबवून मी कोठीत गेलो. अक्काच्या पुढ्यात साड्यांच्या गठ्ठ्यावरच बसलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"अक्का, माझ्या लग्नाच्या अल्बमात पहिल्या पानावर तू होतीस."

ती साडीची घडी घालत राहिली. "ठाऊक हाय."

"मी तुला काढलं त्यातून."

"ते पण ठाऊक हाय. मी दारातच उभी होते की. दुपारचा च्या घेऊन आले होते तुला." तिने घडीवरून हात फिरवला. "तू माझा पदर पुसून राहिला होतास. बाकीची मी पटदिशी गेले, पण पदर काही जाईना तुला. आईच्या हातावर आला होता ना तो. लई वेळ बसला होतास. म्हणलं कामात हाय, कशाला बोलवावं. च्या घेऊन परत गेले."

तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती जणू माझ्या कामाचे कष्ट आठवून सांगत होती. मी खाली बघत विचारलं, "तेव्हापासून सरकतेस का तू?"

"मग काय तर. तू एवढी मेहनत केलीस. परत आणि कुणाला तरी करावी लागणार. त्यापरीस आपणच आधी सरकलेलं बरं."

म्हणजे ऋतुजाकडे आईचा फोटो नाही तो माझ्यामुळे. शाळेच्या गॅदरिंगचा नाही, पदवीच्या दिवसाचा नाही, एकही नाही. मी एक फोटो पुसला असं मला वाटत होतं. पुढचे सगळे तिने माझ्या वतीने पुसले होते.

माफ कर हे शब्द तोंडातून बाहेर आले, पण फार बारीक आले. तिने ऐकले की नाही कोण जाणे. मी म्हटलं, "आज सरकू नको. ऋतुजाने एवढंच मागितलंय. तिच्या शेजारी उभी राहा, स्टेजवर."

"काढणार कोण?"

"रऊफ."

"तू कामून न्हाई?"

मी तिला स्क्रीन दाखवली. लपवायचं काय उरलं होतं? आधी माझा फोटो, मग रऊफचा, मग परत माझा. तिने चष्मा सारखा केला आणि खूप वेळ बघितलं. घाबरली नाही. मोरपंखी साडी नुसती खुर्चीच्या हातावर पडलेली दिसत होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाली, "साडी चांगली आलीय." मग उठली, पदर नीट केला आणि मला म्हणाली, "चल, मामा हायस तू. पोरीला आणायची वेळ झाली."

मी माझा कॅमेरा रऊफच्याच गळ्यात दुसरा म्हणून अडकवला आणि ऋतुजाला घेऊन बोहल्यावर गेलो. भाचीच्या मागे मामा म्हणून उभा राहिलो. इतक्या लग्नांत, माझं स्वतःचं सोडलं तर, मी अंतरपाटाच्या या बाजूला पहिल्यांदाच होतो, मोकळ्या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं. अक्षता पडल्या. फोटोसाठी माणसं स्टेजवर चढायला लागली. ऋतुजाने वरूनच हाक मारली, "आई, ये." दोन-चार बायकांनी वळून पाहिलं. अक्का पायरीपर्यंत आली आणि सवयीने बाजूला व्हायला लागली. मी तिचा हात धरला. ती माझ्याकडे बघून थांबली. हा हात मी आधीही एकदा धरला होता आणि मग काय केलं होतं, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी ती वर आली.

रऊफने अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत अक्का आहे, ऋतुजाच्या उजव्या हाताला, पदर खांद्यावर, थोडी गोंधळलेली. कडेला मी आहे. त्यातल्या चांगल्या फोटोत माझे डोळे मिटलेत. ऋतुजाने तोच निवडला आणि बिलोलीच्या घरात मोठा करून लावला. काही सुधारू का म्हणून मी विचारलं नाही. ती आईबद्दल मला आजही थँक्यू म्हणते आणि मी विषय बदलतो. तिला अजून खरं सांगितलेलं नाही. ही पोस्ट आधी तिला वाचायला देणार आहे, मग इथे टाकणार आहे. इथे दिसली, तर तिने वाचलीय असं समजा.

आता तुम्ही खुलासे द्याल. द्या, मी तुमचे सगळ्यांचे फार खोडून काढलेत. कार्ड बदलून पाहिलं. लेन्स बदलली. सर्व्हिस सेंटरला दोन्ही कॅमेरे दाखवले, दोन्ही ठणठणीत. वैशालीच्या मोबाइलने काढून पाहिलं – तिने काढला की अक्का येते, मी काढला की येत नाही. टायमर लावून मी लांब उभा राहिलो, तरी येत नाही. बाकी कुणाचाही फोटो मी काढू शकतो, रोज काढतो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी हळूच सुचवलं की दोष माझ्या डोळ्यांत असेल, मनाचे खेळ असतात. पण रिकामी खुर्ची रऊफलाही दिसते, वैशालीलाही दिसते.

नांदेडला गेलो की मी दर वेळी एक फोटो काढतो. अक्का आता सरकत नाही. मशीन थांबवते, केस सारखे करते, समोर बघते. मी बटन दाबतो आणि जे आलं ते तिला दाखवतो, लपवत नाही.

"मी आले का रे?" ती विचारते.

"नाही, अक्का."

"बरं. पुढच्या खेपेला," ती म्हणते, आणि मशीनवर परत पाय ठेवते.